एका रोमन स्मृतिशिळेची कुळकथा

जुन्या घराण्याची वंशावळ जुळवीत बसलेल्या माणसाला एक अनुभव हटकून येतो. मूळ पुरुषाचे नाव सापडते, आजच्या पिढीची नावे तर तोंडपाठच असतात. पण मधली एखादी पिढी काही केल्या हाती लागत नाही. तेवढा एक दुवा निसटला की सगळ्या वंशावळीवर शंकेचे सावट पडते. जुन्या वस्तूंचेही असेच आहे. वस्तू समोर असते, तिचे मूळ कुठले हेही पुष्कळदा सांगता येते. पण तेथून ती येथवर आली कशी, असे विचारले की भलेभले जाणकार गप्प बसतात.

आज आपण अशाच एका वस्तूची कुळकथा पाहणार आहोत. सुमारे फूटभर लांबरुंद आणि इंचभर जाडीची ही एक संगमरवरी फरशी आहे. ती कोरली गेली इटलीत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. आणि सापडली ती अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स शहरातील एका घराच्या परसात, मार्च २०२५ मध्ये.

त्या घरात राहणारे पती-पत्नी परसात माजलेले रान साफ करीत होते. झाडझाडोऱ्याखाली एक सपाट दगड लागला. त्यावर अक्षरे कोरलेली होती. त्यांतल्या बाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या. आपले घर एखाद्या विसरल्या गेलेल्या स्मशानभूमीवर तर उभे नाही ना, ही शंका त्यांच्या मनात प्रथम आली. पण अक्षरे जुळवून पाहता भाषा लॅटिन निघाली, आणि ‘दिस मानिबुस’ हे दोन शब्द स्पष्ट वाचता आले. ‘मृतांच्या आत्म्यांना अर्पण’ असा त्यांचा अर्थ. रोमन थडग्यांवरच्या हजारो लेखांची सुरुवात याच शब्दांनी होते. आपल्याकडे जुन्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ दिसावा, तसे हे शब्द रोमन थडग्याच्या माथ्यावर दिसतात. बाईंनी दगडाची छायाचित्रे काढून विद्वानांकडे पाठविली, आणि येथून शोधाला सुरुवात झाली.

प्रथम लेखात काय आहे ते पाहू. आशय थोडक्यात असा: मृतांच्या आत्म्यांना अर्पण. सेक्स्टस काँगेनियस व्हेरस याच्यासाठी. हा मिसेनमच्या खास सम्राटाच्या आरमारातला शिपाई, बेस्सी जमातीचा. तो ४२ वर्षे जगला. ‘अस्क्लेपियस’ नावाच्या तीन वल्हेरांगांच्या गलबतावर त्याने २२ वर्षे नोकरी केली. त्याचे वारस आटिलियस कारस आणि व्हेट्टियस लाँगिनस यांनी या लायक माणसासाठी हा दगड करविला.

लेख एवढाच आहे. त्यात शोक नाही, स्तुतीही बेताचीच. लष्करी नोंदवहीतला उतारा वाटावा असा हा मजकूर आहे, आणि एका अर्थाने तो तसाच आहे. नाव, दल, जमात, वय, नोकरीची वर्षे, गलबत, वारस हा क्रम रोमन आरमारातील खलाशांच्या थडग्यांवर पुन्हापुन्हा आढळतो. ज्याने दगड घडविला त्या पाथरवटाला हा साचा पाठ असला पाहिजे. नावे आणि आकडे तेवढे गिऱ्हाइकाने सांगायचे.

आता या लेखात काय नाही तेही पाहिले पाहिजे, कारण आपला प्रश्न तेथेच सुरू होतो. मनुष्य कोठे मेला, कोठे पुरला गेला, दगड कोणत्या गावी उभा केला, याविषयी लेखात अक्षरही नाही. त्यात नवल नाही. जो दगड थडग्यावरच राहायचा त्याने थडग्याची जागा कशाला सांगावी? आपल्या गावोगावच्या पुष्कळ वीरगळांवर वीराचे नावसुद्धा कोरलेले नसते. गावाला ते ठाऊक होते, म्हणून कोरण्याची गरज पडली नाही. पुढे गावही विसरते आणि दगड मुका होतो. एखादी शिळा जागेवरून हलविली म्हणजे तिच्या माहितीचा अर्धा भाग मागे राहतो, तो असा.

मिसेनमच्या आरमाराचे नाव लेखात आहे, मग दगड मिसेनमचाच असेल, असे कोणी म्हणेल. पण हा तर्क टिकत नाही. नेपल्सच्या आखाताच्या उत्तर टोकाला असलेले मिसेनम हे रोमन साम्राज्याच्या दोन मुख्य आरमारी ठाण्यांपैकी एक, दुसरे रॅव्हेन्ना. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा स्फोट झाला तेव्हा या मिसेनमच्या आरमाराचा अधिपती थोरला प्लिनी होता, आणि त्या संकटातच त्याचा अंत झाला. परंतु या आरमारातले लोक एकाच बंदरात बसून राहत नसत. त्यांच्या तुकड्या निरनिराळ्या बंदरांत असत. प्रत्यक्ष रोम शहरात त्यांची छावणी होती, आणि तेथील प्रचंड रंगमंडलावर प्रेक्षकांसाठी कापडी छत ताणण्याचे काम या शिडात मुरलेल्या माणसांकडे होते. म्हणजे आरमाराच्या नावावरून माणसाचे दल समजते, दगडाचे गाव समजत नाही.

न्यू ऑर्लिन्सचा तर प्रश्नच नव्हता. ते शहर फ्रेंचांनी १७१८ साली वसविले. रोमन साम्राज्याचा खलाशी तेथे पुरला जाणे शक्य नाही. तेव्हा दगड कोणीतरी आणला असला पाहिजे हे उघड होते. पण आणखी एक शंका उरत होती, आणि ती जास्त अवघड होती. हा दगड खरा कशावरून? रोमन लेखांच्या नकला आणि बनावट शिळा युरोपात कित्येक शतके होत आलेल्या आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून हौशी सरदार आणि धर्माधिकारी असे लेख जमवू लागले. ज्याला मागणी त्याला पुरवठा, या न्यायाने खोटे लेखही निपजले. परसात सापडलेला दगड एखाद्या हौशी माणसाने बागेच्या शोभेसाठी करवून घेतलेला असणे अगदी शक्य होते.

या शंकेचे उत्तर दगडाजवळ नव्हते. ते ग्रंथालयात होते. १८५३ साली बर्लिनच्या विद्वत्सभेने थिओडोर मॉमसेन या इतिहासकाराच्या पुढाकाराने एक प्रचंड काम अंगावर घेतले. रोमन साम्राज्याच्या भूमीत जेथे जेथे लॅटिन लेख असतील ते सारे नोंदवून, प्रांतवार लावून छापायचे, असा तो संकल्प. मॉमसेनचा आग्रह असा की जुन्या पुस्तकांतल्या नकलांवर विसंबू नये. शक्य तेथे स्वतः जाऊन दगड डोळ्यांनी पाहावा, ओला कागद दाबून ठसा घ्यावा, मोजमाप टिपावे, आणि तो कोठे सापडला व आता कोठे आहे हे लिहावे. जे लेख खोटे ठरले तेही त्याने टाकून दिले नाहीत. त्यांच्या क्रमांकाजवळ तारकेची खूण करून ते वेगळे छापले, म्हणजे पुढच्या माणसाने फसू नये. या ग्रंथमालेच्या अकराव्या खंडात प्राचीन एट्रूरिया प्रांतातील लेख येतात. त्याचा पहिला भाग १८८८ साली ओइगेन बोरमान या विद्वानाने प्रसिद्ध केला. रोमच्या वायव्येला सुमारे सत्तर किलोमीटरवर समुद्रकाठी असलेले चिव्हितावेक्या हे गाव त्याच एट्रूरियात पडते.

व्हेरसचा लेख विद्वानांच्या नोंदींत आधीच होता. तो १८६० च्या सुमारास चिव्हितावेक्या येथे, खलाशांच्या एका लहानशा दफनभूमीत सापडलेला होता. तेथे तशी सुमारे वीस थडगी मिळाली होती. न्यू ऑर्लिन्समधील टुलेन विद्यापीठाच्या, प्राचीन रोमच्या अभ्यासक असलेल्या प्राध्यापिकेने हा धागा पकडला, आणि युरोपातील विद्वानांनीही तोच निर्वाळा दिला. आता मोजमाप जुळविणे आले. नोंदीतील लांबी, रुंदी आणि जाडी परसातल्या दगडाशी जुळली. पण सर्वांत महत्त्वाचा पुरावा होता तो चिव्हितावेक्याच्या संग्रहालयाचा. मूळ दगड जर तेथे असता, तर न्यू ऑर्लिन्सचा दगड नक्कल ठरला असता. तो तेथे नव्हता. संग्रहालयाच्या लेखी तो गहाळ होता.

चिव्हितावेक्या हे नावच मुळी ‘जुने शहर’ अशा अर्थाचे. रोमन काळात त्याला सेंटमसेली म्हणत. सम्राट ट्रेजन याने (राज्यकाल इ. स. ९८ ते ११७) तेथे मोठे बंदर बांधविले. ते बांधकाम चालू असताना धाकटा प्लिनी सम्राटाच्या बोलावण्यावरून तेथे गेला होता. रुंद पडावांतून अजस्र धोंडे आणून बंदराच्या तोंडाशी टाकीत आहेत आणि त्या धोंड्यांचे हळूहळू बेट वर येत आहे, याचे वर्णन त्याने एका पत्रात केले आहे. त्या बंदरात मिसेनमच्या आरमाराची तुकडी राहू लागली. आपला व्हेरस त्या तुकडीतला. दगडावर साल नाही, तरी तो दुसऱ्या शतकातला मानतात. लेखाचा साचा त्या काळाचा, आणि बंदर ट्रेजनच्या आधीचे नाही. नवव्या शतकात अरब चाच्यांच्या हल्ल्यांनी हे शहर उद्ध्वस्त झाले, लोक डोंगराकडे गेले. पुढे ते परतले, आणि मागे सोडलेल्या शहराला ‘जुने शहर’ हे नाव पडले. खलाशांची थडगी मात्र मातीखाली राहिली. मातीने सतराशे वर्षे जे राखले ते पुढच्या शंभर वर्षांत माणसांच्या हातून निसटले, असे आता दिसेल.

दुसऱ्या महायुद्धात चिव्हितावेक्याचे बंदर हे लष्करी महत्त्वाचे ठाणे होते. सार्डिनियाकडे जाणारी वाहतूक तेथून चाले. म्हणून १९४३ आणि १९४४ या वर्षांत दोस्तांच्या विमानांनी त्यावर वारंवार बाँबहल्ले केले. शहराचा फार मोठा भाग ढासळला, त्यात संग्रहालयही गेले. जून १९४४ मध्ये अमेरिकन फौजा शहरात शिरल्या तेव्हा पुढे होते ते ढिगारे. संग्रहालय दुसऱ्या वास्तूत पुन्हा उघडले ते १९७० साली. मधल्या काळात किती वस्तू चिरडल्या, किती उचलल्या गेल्या, याचा ताळा लावणे कठीण झाले. जे सापडले नाही ते गहाळ.

आता आपण आपल्या वंशावळीतील निसटत्या पिढीपाशी आलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये या शोधाची वार्ता वृत्तपत्रांत आली, तेव्हा त्याच घराच्या पूर्वीच्या मालकीणबाईंनी दगड ओळखला. तो त्यांच्या आजोबांच्या घरी काचेच्या कपाटात ठेवलेला असे. आजोबा महायुद्धात अमेरिकन सैन्यातून इटलीत गेलेले होते. त्यांच्या पश्चात दगड आईकडून नातीकडे आला. त्याचे मोल तिला कोणी सांगितले नव्हते. शोभेची एक जुनी फरशी म्हणून तिने तो बागेत मांडला. २०१८ साली घर विकले, आणि दगड तेथेच राहिला. ज्यांनी घर घेतले त्यांना तो सात वर्षांनी रानाखाली दिसला.

या हकिकतीने १९४० नंतरचा बराचसा काळ भरून निघाला. आजोबा, आई, नात, घर घेणारे दांपत्य, अशी साखळी लागली. आणि १८६० पासून महायुद्धापर्यंतची साखळी नोंदवह्यांनी लावलीच होती. मध्ये एक कडी तेवढी तुटलेली राहिली: संग्रहालयातून तो दगड त्या सैनिकाच्या हाती कसा आला?

येथे मनुष्यस्वभाव आपल्याला घाई करावयास लावतो. कोणी म्हणेल, त्याने तो ढिगाऱ्यातून उचलला असणार, दुसरे काय? पण थोडा विचार करावा. ढिगाऱ्यातून दगड उचलणारा तो पहिला माणूस असेलच असे नाही. उपाशी गावात पावासाठी आणि सिगारेटींसाठी काय काय विकले जाते, हे युद्ध पाहिलेल्या लोकांनी लिहून ठेवले आहे. एखाद्या गावकऱ्याने तो विकला असेल. एखाद्याने भेट दिला असेल. किंवा दगड दोनतीन हात फिरून त्याच्याकडे आला असेल. तो सैनिक हयात नाही, आणि आपली बाजू मांडू शकत नाही. मेलेल्या माणसावर पुराव्यावाचून चोरीचा आळ घेणे हा इतिहास नव्हे. आमच्या मते अशा ठिकाणी इतिहासकाराने थांबावे. जेथवर कागद आहे तेथवर बोलावे, आणि कागद संपला की तसे स्पष्ट सांगावे.

मात्र कायद्याची बाजू वेगळी आहे, ती व्यक्तीच्या दोषावर अवलंबून नाही. इटलीने जून १९३९ मध्ये आपल्या प्राचीन वस्तूंच्या रक्षणासाठी कडक कायदा केला होता. दोस्त सैन्याच्या बाजूनेही, २९ डिसेंबर १९४३ रोजी जनरल आयसेनहॉवर यांनी इटलीतील सर्व सेनापतींना लेखी बजावले होते की, ज्या देशात आपण लढतो आहोत त्याच्या स्मारकांचा, लढाईची गरज सांभाळून, मान राखला पाहिजे. आणि ‘लष्करी गरज’ हा शब्द सोयीसाठी वापरू नये. सार्वजनिक संग्रहालयातली वस्तू कोणाच्या हाती कशीही आलेली असो, ती त्या संग्रहालयाची. नव्या मालकांनी हे तत्काळ मानले. दगड अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याच्या कलावस्तूविषयक शाखेकडे, इटलीला परत जाण्यासाठी, सोपविण्यात आला. आपल्या जमिनीत सापडले ते आपले, असा हट्ट त्यांना धरता आला असता. पुष्कळांनी धरलाही असता. त्यांनी तो धरला नाही, म्हणून ही कथा पुढे सरकली.

येथवर दगडाचे कूळ झाले. पण ज्याच्यासाठी तो कोरला त्या माणसाचे काय? त्याच्या बाबतीतही कूळ तितकेच अर्धवट आहे, आणि त्याचे कारण पुन्हा नोंदच आहे.

बेस्सी ही थ्रेसमधील एक जमात; आजच्या बल्गेरियाच्या दक्षिणेकडील रोडोपी पर्वतात तिची वस्ती असे. समुद्रापासून दूरच्या डोंगरातला हा मुलगा विसाव्या वर्षी आरमारात शिरला, हे ४२ मधून २२ वजा केले म्हणजे कळते. मिसेनमच्या खलाशांच्या थडग्यांत ‘बेस्सी’ लोक इतके वारंवार येतात, की रोमन कारकुनाने थ्रेसच्या कोणत्याही माणसाला सरसकट हेच नाव लावले असावे, असा संशय घेण्यास जागा आहे. आणि त्याचे स्वतःचे नाव? सेक्स्टस काँगेनियस व्हेरस हे अस्सल रोमन घडणीचे तीनपदरी नाव आहे. थ्रेसच्या डोंगरात आई मुलाला या नावाने हाक मारीत असेल, असे वाटत नाही.

याला एक चांगला पुरावा आहे. दुसऱ्याच शतकात इजिप्तमधील एपियन नावाच्या तरुणाने याच मिसेनमच्या आरमारात दाखल झाल्यावर आपल्या बापाला लिहिलेले पत्र पपायरसवर टिकून राहिले आहे. ते बर्लिन येथे आहे. समुद्रात धोका आला असता सेरापिस देवाने आपल्याला वाचविले, सरकारकडून वाटखर्चाची तीन सोन्याची नाणी मिळाली, आपली एक तसबीर पाठवीत आहे, अशी घरगुती हकिकत त्यात आहे. आणि शेवटी तो सहज कळवितो की, आता माझे नाव अँटोनियस मॅक्सिमस. त्याचे पुढचे एक पत्रही मिळाले आहे. ते बहिणीला लिहिलेले आहे, आणि त्यात त्याने नवेच नाव लावले आहे. एपियनची पत्रे टिकली म्हणून त्याचे घरचे नाव आपल्याला कळते. व्हेरसचे पत्र टिकले नाही. रोमन नोंदवहीने दिलेले नाव दगडावर गेले, आणि थ्रेसच्या घरातले नाव त्याच्याबरोबर संपले.

वल्ही मारणारे ते गुलाम असत, अशी एक समजूत कादंबऱ्यांमुळे रूढ झाली आहे. ती साम्राज्यकाळातील या आरमाराला लागू नाही. हे खलाशी स्वतंत्र लोक, बहुधा प्रांतांतले, रोमन नागरिकत्व नसलेले. दगडावर व्हेरसला खलाशी न म्हणता शिपाई म्हटले आहे ते त्याचमुळे. आरमारातला प्रत्येक जण नोंदीत शिपाईच असे. त्यांच्या नोकरीची मुदत २६ वर्षे होती. ती पुरी झाली की माणसाला काशाच्या पत्र्यावर कोरलेली सनद मिळे, आणि तो रोमन नागरिक होई. व्हेरसची २२ वर्षे झाली होती. सनदेला चार वर्षे उरली असता तो गेला. लेखात ही खंत कोणी बोलून दाखविलेली नाही. पण ज्यांनी तो आकडा कोरविला त्या दोघा सोबत्यांना त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता, कारण त्यांची स्वतःची वर्षेही मोजली जात होती. नोकरीत असेपर्यंत अशा माणसांना कायदेशीर लग्न करता येत नसे. म्हणून खलाशी आपला वारस बहुधा सोबत्यांतूनच नेमीत, आणि थडगे बांधण्याचे काम त्या वारसावर येई. कारस आणि लाँगिनस यांनी ते कर्तव्य केले. त्यांनी तो खर्च केला नसता तर आज आपल्याला बोलायला विषयच नव्हता.

ज्या युद्धात हा दगड जागचा हलला, त्याच युद्धात आपल्याकडची माणसेही त्याच भूमीवर होती, हे येथे सांगितले पाहिजे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीच्या रणांगणावर लढल्या. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, माणगाव तालुक्याचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडला. त्याच्या तुकडीतील सारे जण पडले किंवा जखमी झाले असता तो एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला. वय २२ वर्षांचे. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचा पुतळा आहे. पण त्याचे थडगे कोठेही ज्ञात नाही. इटलीतील कासिनो येथे, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा सैनिकांच्या स्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे. घरापासून दूर, दुसऱ्याच्या साम्राज्याच्या चाकरीत मेलेल्या शिपायाचे नाव दगडावर का कोरावे लागते, हे माणगावच्या माणसाला रोमन इतिहास न वाचताही समजते. व्हेरसच्या दगडाचे मोल ठरवताना हीच गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. बाजारात त्या फरशीला काय किंमत येईल हा प्रश्न गौण आहे. ती एका मनुष्याची एकमेव उरलेली निशाणी आहे.

या सगळ्या शोधात कोणाचे काम उपयोगी पडले, ते आता एकत्र पाहू. दोघा सोबत्यांनी लेख कोरविला. एकोणिसाव्या शतकातील उत्खनन करणाऱ्यांनी तो कोठे मिळाला ते लिहिले. विद्वानांनी मजकूर उतरवून छापला. संग्रहालयाने लांबीरुंदी टिपली, आणि दगड गेल्यावर तो गेला असे प्रामाणिकपणे नोंदविले. यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते की आपली ही रूक्ष ओळ पुढे समुद्रापलीकडच्या एका परसात उपयोगी पडणार आहे. आणि जी एक कडी तुटली ती कोठे तुटली? जेथे कोणी काही लिहिले नाही तेथे. तो सैनिक वाईट होता म्हणून नव्हे. कपाटातल्या दगडाखाली त्याने एक चिठ्ठी ठेवली असती, तर नातीने तो झाडाखाली मांडला नसता, आणि त्याच्याविषयी आज शंका घेण्याचे कारणही उरले नसते.

इतिहासाचे काम फक्त पंडितांचे आहे असा एक गैरसमज आपल्या समाजात आहे. तो या उदाहरणाने दूर व्हावा. चिव्हितावेक्याच्या दगडाचे कूळ जुळविण्यात पंडितांचा वाटा मोठा खरा, पण दगड पाहून थबकलेली एक गृहिणी-अभ्यासक, वर्तमानपत्र वाचून ‘हा तर आमचा’ असे न लपविता सांगणारी एक नात, आणि सापडलेली वस्तू परत करणारे एक कुटुंब, यांच्यावाचून ती विद्वत्ता पुस्तकातच राहिली असती.

तेव्हा एक साधी विनंती करून आम्ही हा विषय संपवितो. आपल्यापैकी कोणाच्या घरी, वाड्यात, शेताच्या बांधावर किंवा विहिरीच्या काठी एखादा कोरीव दगड असेल, एखादा ताम्रपट वा जुनी मूर्ती असेल. ती कोठून आली, कोणी आणली, कोणत्या साली, हे घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असे लिहा. त्याचाही उपयोग होतो. दगड आपल्या जागेवर असेल तर तो तेथेच राहू द्या. थ्रेसच्या त्या खलाशाला त्याच्या गावाचे नाव आपण परत देऊ शकत नाही. त्याच्या दगडाचे गाव मात्र परत देता आले, आणि ते कोणीतरी, कधीतरी, एक ओळ लिहून ठेवली होती म्हणून.